चौथा प्लग

पाळधीच्या अलीकडे, महामार्गाला चिकटून असलेल्या एका गॅरेजात मार्चातल्या एका दुपारी छोटा सीएनजी ट्रक उभा होता. सावद्याकडे केळीची कापणी लागलेली, गाडी तिकडे लोडिंगला पोचायची होती. पण ती मिसिंग मारायला, म्हणजे ठिणगी चुकून अडखळायला लागली, म्हणून ड्रायव्हरने वाटेतच आत घेतली. इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. हेल्पर पोराने हेडातून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, ठिणगी पाडणारे तीन स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. चौथा पाव फेरा फिरला, चिर्र असा बारीक आवाज झाला आणि तिथेच अडला. पोराने मान वर करून पाहिलं. ड्रायव्हरचा फोन सारखा वाजत होता. "लाव रे भो जोर, होऊन जाईल," मागून कोणीतरी म्हणालं. पान्याच्या दांड्यावर पाइप चढला, क्षणभर सगळं जड झालं आणि मग दांडा एकदम हलका फिरला. पाना वर आला तेव्हा त्यात प्लगचं नुसतं डोकं होतं, चिनी मातीचा पांढरा तुकडा त्यात अडकलेला. आटे खाली हेडातच राहिले. सगळ्यांच्या नजरा त्या पोरावर गेल्या.

त्या नजरा मला खटकल्या, आणि अजून खटकतात.

कारण प्लग कुठे तुटतो ते पाहिलं की दोष एवढ्या सहज कुणाच्या माथी मारता येत नाही. पाना ज्या षटकोनावर बसतो त्याच्या लगेच खाली प्लगच्या पोलादी कवचाला एक बारीक कंबर असते. कारखान्यात चिनी माती आत पक्की बसवताना तिथलं पोलाद तापवून चेपलेलं असतं, म्हणून ती जागा सगळ्यांत पातळ. खालचे आटे जाम आणि वरचा षटकोन फिरतोय, अशी ओढाताण झाली की ताण येतो तो ह्या कंबरेवर. आता आकडे बघा. १४ मिलिमीटर आट्यांचा, वायसरवाला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडात बसवायचा तर २५ ते ३० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) पुरे. वीतभराहून थोडा मोठा, २५ सेंटिमीटरचा दांडा घेतला तर टोकाला साधारण ११ किलोची ओढ, म्हणजे एका हाताने, मनगट न ताणता होणारं काम. त्याच दांड्याचा पाइप लावून दोन फूट केला आणि माणसाने ३० किलोचा जोर दिला, तर प्लगपर्यंत १७५ न्यूटन-मीटरच्या पुढे पोचतात. १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्याला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढंच सोसतं. हल्लीच्या कितीतरी लहान इंजिनांत हेच बारीक प्लग असतात. डिझेलच्या हेड-बोल्टांवर घडलेल्या हाताला ११ किलो म्हणजे काहीच नाही, सैलच वाटणार. म्हणून तो वरून आणखी एक झटका देतो. गाडी निघून जाते. दोन-तीन वर्षांनी तोच झटका वसूल होतो, तेव्हा पाना भलत्याच्या हातात असतो.

आपल्याकडची बहुतेक गॅरेजं डिझेलवर वाढलेली. सुरत-नागपूर रस्ता आणि आग्रा रोड धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे नॉझल, पंप, टर्बो यांचे हात खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. स्पार्क प्लग हा विषय ट्रकच्या गॅरेजात नव्हताच, तो आला सीएनजीबरोबर. मोठी सीएनजी इंजिनं बहुधा डिझेलच्या इंजिनावरूनच बेतलेली असतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते ते, सतरा-अठराच्या जागी दहा-बाराच्या घरात आणतात आणि जिथे डिझेल फवारणारा इंजेक्टर बसायचा तिथे प्लग जातो. म्हणजे प्लग हेडात खोल, अरुंद नळीच्या तळाशी. लहान पिकअपचं इंजिन मुळात पेट्रोलचं असतं, हेड ॲल्युमिनियमचं, आणि तिथेही प्लग विहिरीतच. वरून ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल आणि तिचा रबरी बूट. तो बूट कडक होऊन चिरला की विहिरीत काय काय जातं ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. कपाशीच्या हंगामातली तंतू मिसळलेली धूळ, काळ्या मातीची बारीक भुकटी, वॉशिंग सेंटरवर इंजिनावर मारलेलं प्रेशरचं पाणी. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत असेल तर त्यात ऑइलची भर पडते आणि उष्णतेने ते सगळं आटून डांबरासारखं घट्ट होतं. पावसाळ्यात पाणी साचलं तर षटकोन गंजून गोल होतो आणि पाना धरतच नाही.

वरून ही अवस्था, आणि आतून उष्णता. गॅस हे कोरडं इंधन आहे. तो पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप, म्हणजे ठिणगी उडायची फट, कमी ठेवतात आणि प्लग पेट्रोलपेक्षा लवकर बदलायचे असतात. नेमकं इथेच चुकतं. 'चालतेय ना गाडी' म्हणून तेच प्लग वर्षानुवर्षं हेडात राहतात. इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढतो, कॉइलवर ताण येतो, मिसिंग सुरू होतं, आणि तेव्हा कुठे कोणीतरी पाना घेऊन येतो. इतक्या मुदतीत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना धरतात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० अंशांच्या फरकाला १४ मिलिमीटरच्या भोकात दोघांत सुमारे एक शतांश मिलिमीटरचं अंतर पडतं आणि मिटतं. दर फेरीला, दर दिवसाला. त्या फटीत काजळी शिरते आणि बसते.

काजळीचं एक कारण मात्र सरळ दुकानातून येतं. आट्यांची लांबी! १९ मिलिमीटर लांबीच्या जागी त्याहून लांब प्लग बसला तर शेवटचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांवर कडक काजळी चढते, आणि काढताना तेच आटे हेडचे आटे खरवडत वर येतात. उलट आखूड बसला तर हेडचे खालचे आटे रिकामे राहतात, काजळीने भरतात, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आणला तरी तो पुरता बसत नाही. 'षटकोन सारखाच आहे, चालून जाईल' हे वाक्य काउंटरवर ऐकू आलं की तिथून निघावं. जुना प्लग आणि नवा प्लग वायसरच्या रेषेत शेजारी धरून बघायला अर्धं मिनिट लागतं.

कधी कधी तर दोष बसवणाऱ्याचाही नसतो, तो इंजिन कागदावर रेखाटणाऱ्याचा असतो. अमेरिकेत फोर्डचं ५.४ लिटरचं ट्रायटन इंजिन एफ-१५० ट्रकात असायचं. त्याच्या आधीच्या, दर सिलिंडरला दोन वाल्व असलेल्या पिढीत हेडला प्लगसाठी जेमतेम चार आटे होते, आणि प्लग चालत्या गाडीत हेडातून उडून बाहेर यायचे. २००४ ते २००८ च्या तीन वाल्वच्या पिढीत गोष्ट उलटी झाली. तिथला प्लग दोन भाग चेपून जोडलेला. आट्यांच्या खाली लांब, गुळगुळीत नळीसारखं कवच, आणि ते हेडातल्या तशाच लांब भोकात उतरलेलं. त्या फटीत काजळी अशी बसली की वरचा भाग सुटून हातात आणि नळी खाली, हे नेहमीचं झालं. शेवटी कंपनीने गॅरेजांसाठी लेखी पद्धत काढली. इंजिन गरम असताना काढायचा नाही, गॅरेजच्या तापमानाहून गार असतानाही नाही. आधी फक्त एक अष्टमांश ते पाव फेरा सैल करायचा, विहिरीत कार्बोरेटर क्लीनर सोडायचा, किमान १५ मिनिटं थांबायचं, मग पुढे-मागे, पुढे-मागे. एवढ्या मोठ्या कंपनीलाही कारखान्यातली चूक निस्तरायला 'थांबा' हेच सांगावं लागलं. मला त्या कागदातली ही पंधरा मिनिटं फार मोलाची वाटतात.

आपल्याकडे हेच काम करायचं तर सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. गाडी सावलीत लावायची, टाकीचा हातवाल्व बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे लाइनमधला गॅस संपतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना, दुपारी बंद केलेलं इंजिन रात्र चढेपर्यंत हाताला सोसत नाही. म्हणून प्लगचं काम सकाळचं. तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे नरम असतात, पोलादाबरोबर सोलून येतात. आणि गरम विहिरीत टाकलेलं जाम सोडवायचं औषध आट्यांत उतरायच्या आतच उडून जातं. कॉइल काढायच्या आधी बाहेरची धूळ उडवायची, कॉइल काढल्यावर पुन्हा विहिरीत बारीक नळीने हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा घालून. ही पायरी वगळली तर प्लग सुटताक्षणी ती सगळी माती सिलिंडरमध्ये जाते आणि लायनरवर रेघा ओढते.

मग पाना. १६ किंवा २१ मिलिमीटरचा प्लग-सॉकेट, आत रबर असलेला, सरळ एक्स्टेन्शन. युनिव्हर्सल जॉइंट खोल विहिरीत टाळावा, कारण तिरका जोर थेट चिनी मातीवर जातो. इम्पॅक्ट गन तर हातातही घेऊ नये. पहिला जोर सुटण्याच्या दिशेने द्यायचा नाही. आधी किंचित, अगदी केसभर, आवळायच्या बाजूला. त्याने गंजाची पकड मोडते. मग पाव फेरा सैल आणि थांबा. जाम सोडवणारं तेल किंवा कार्ब क्लीनर आट्यांपर्यंत पोचेल एवढंच, चमचाभर. वाडगाभर ओतलं तर ते सिलिंडरमध्ये उतरतं आणि स्टार्टर मारताच पिस्टन त्या द्रवावर आपटतो. रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. सकाळी पाव फेरा सैल, तेवढाच परत घट्ट, पुन्हा थोडा जास्त सैल. चिर्र आवाज आला की ते सुटण्याचं लक्षण समजू नये. आट्यांत काजळीचा किंवा सोललेल्या धातूचा कण दाबला जात असतो. तिथे मागे फिरायचं, थेंबभर तेल, दहा मिनिटं, पुन्हा. एका प्लगला कधी तासभर जातो. बघणाऱ्याला वाटतं मिस्तरी टाइमपास करतोय. पण अनुभवी माणसाचं सगळं लक्ष अशा वेळी मनगटात असतं. दांड्यातून येणारा ताण स्प्रिंगसारखा मऊ लागला तर पोलाद पिळलं जातंय, आटे सुटत नाहीत. खटकन सुटल्यासारखं लागून मग एकसारखा जडपणा राहिला तर चाललंय ते बरोबर.

आणि तरीही तुटला तर? तर सगळ्यात आधी स्टार्टरला हात लावायचा नाही. हा एक नियम पाळला तर निम्मं नुकसान वाचतं. त्या सिलिंडरचा पिस्टन हाताने फिरवून कॉम्प्रेशनच्या टीडीसीजवळ, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाजवळ, आणायचा, म्हणजे दोन्ही वाल्व बंद राहतात आणि पडलेला तुकडा भोकाच्या जवळ राहतो. चिनी माती काचेहूनही कठीण असते. वाल्वच्या सीटवर तिची एक कपची बसली तर कॉम्प्रेशन जातं. राहिलेली चिनी माती लांब नाकाच्या पक्कडीने किंवा चुंबकाने नाही, व्हॅक्यूमला बारीक रबरी नळी जोडून ओढायची. ती चुंबकाला चिकटत नाही हे घाईत भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो, तो आत घालून बघायचं. मग रिकाम्या कवचात ईझी-आऊट, म्हणजे तुटलेला तुकडा आतून धरून फिरवायचं हत्यार. त्यातही दोन जाती आहेत. डाव्या पिळाचा निमुळता ईझी-आऊट जसा आत रुततो तसं कवच फुगवतो, आणि फुगलेलं कवच ॲल्युमिनियमला आणखी घट्ट धरतं. शिवाय तो एकाच दिशेने ओढतो, मागे-पुढे करता येत नाही. त्यामुळे चौकोनी किंवा सरळ धारांचा बरा. तो हलक्या हाताने ठोकून बसवायचा, धारांना ग्रीस लावून, म्हणजे सुटलेला कीस ग्रीसला चिकटून वर येतो. टी-हँडलने दोन्ही हातांनी सारखा जोर. ट्रायटनसाठी तर खास ओढणी मिळते. उरलेली चिनी माती आणखी खाली ढकलायची, नळीसारख्या कवचात आटे पाडायचे आणि त्यात बोल्ट अडकवून पुलरसारखं सरळ वर खेचायचं. तिथे फिरवायला काही उरलेलंच नसतं.

लोखंडी हेड असेल तर उरलेल्या कवचावर नट वेल्ड करून काढणारे कारागीर आहेत, आणि वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. ॲल्युमिनियमवर, खोल विहिरीत, हा प्रयोग नको. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा पोलादी बुश (आटे पाडलेली नळी). बुश कायमचा टिकतो, पण भोक सरळ पाडणारा हात हवा. तिरका बुश बसला तर प्लगचं वायसर एका अंगाने गळतं आणि तिथून जळता वायू हेड खात राहतो. हे सगळं हरलं तर हेड उतरवायचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हेड टेबलावर आलं की लेथवाला सरळ मशीनवर तुकडा कातून काढतो, आणि सिलिंडरमध्ये काय पडलं याची धाकधूक राहत नाही.

डिझेलचं इंजिन गार असताना आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचं दुखणं ह्याचंच भावंड, पण पथ्य उलटं. ८ मिलिमीटरच्या ग्लो प्लगचं तुटण्याचं बळ साधारण २० न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्याचं ३५. ह्याच्या खाली टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) सेट करून सुरुवात करायची. तिथे जाम होतं ते टोकाकडे, काजळीत. म्हणून रात्रभर तेल मुरवून मग इंजिन गरम करतात, किंवा त्याच ग्लो प्लगला वेगळ्या वायरने चार-पाच मिनिटं वीज देतात, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने स्वतःला मोकळा करतो. एकाला गार, एकाला गरम. म्हणून नुसतं 'गरम करून काढ' किंवा 'गार होऊ दे' असं कोणी सांगितलं तर आधी विचारावं, काय काढायचंय आणि ते कशात अडकलंय.

नवा प्लग बसवताना मला सगळ्यांत जास्त बारकावा हवा असतो, कारण पुढच्या वेळचं सगळं इथेच ठरतं. जुने आटे कापणाऱ्या टॅपने नाही, ग्रीस लावलेल्या चेसरने, म्हणजे आटे न कापता नुसते घासणाऱ्या हत्याराने, साफ करायचे. नव्या प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा चढवायचा आणि त्याने प्लग विहिरीत सोडून फिरवायचा. आटा तिरका लागला तर रबर घसरतं, हेड वाचतं. बोटांनी पुरता टेकला की नव्या वायसरला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेलं असतं, मग फेऱ्याचा फक्त बारावा भाग, घड्याळात मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढा. वायसर नसलेल्या शंकूच्या बैठकीला त्याहूनही कमी, सोळावा भाग. आट्यांना जाम-विरोधी ग्रीस लावायचं की नाही यावर गॅरेजांत भांडणं होतात. प्लगच्या आट्यांवर कारखान्यातच मुलामा असेल तर लावू नये. आटे निसरडे झाले की तेवढ्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो आणि कवच ताणलं जातं. ट्रायटनच्या पद्धतीत निकेलचं ग्रीस सांगितलं आहे, पण ते खालच्या नळीला, पातळ थर, आट्यांना नाही. आपण मात्र 'लावायचं असतं' एवढंच ऐकून सगळीकडे चोपडतो.

शेवटी पैशांचं बोलायला हवं, कारण घाई तिथूनच येते. प्लग बदलायची मजुरी ठरलेली आहे, आणि ती वीस मिनिटांच्या कामाची आहे. रात्रभर मुरवण्याची, सकाळी तासभर मागे-पुढे करण्याची मजुरी कोणी देत नाही, मागितली तर वाद होतो. मग मिस्तरीने कशासाठी थांबावं? हेड उतरवण्याचं बिल मात्र मालक निमूट भरतो, वर दोन दिवसांचं भाडं बुडतं ते वेगळंच. गाडी मालकांना एवढंच सांगणं आहे, ज्या दिवशी लोडिंग नसेल त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी लावा, प्लग शेवटचे किती किलोमीटरला बदलले ते लिहून आणा, प्लग इंजिन नंबर दाखवूनच विकत घ्या. आणि सकाळी गाडी न्यायला आलात की जास्तीच्या वेळाची मजुरी आपणहून विचारून द्या.